एमबीएतील सिस्टिम्स स्पेशलायझेशन : दोन सत्रांनंतरचा अनुभव

पुण्यातील एका संस्थेच्या संध्याकाळच्या वर्गांतून मी एमबीए करतो आहे आणि सिस्टिम्स, म्हणजे माहिती प्रणाली, हे स्पेशलायझेशन घेऊन आता दोन सत्रे झाली आहेत. विषयांची यादी इच्छुकांना माहीत असतेच, ती येथे देत नाही. पुढच्या सत्राच्या प्रयोगशाळा शुल्काची पावती नुकतीच हाती पडली, ईआरपीच्या, म्हणजे खरेदी, भांडार, हिशेब असे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, अपुऱ्या लॉगिनची तक्रार मात्र होती तशीच आहे, म्हणून हे लिहीत आहे.

माहितीपत्रकात ईआरपी प्रयोगशाळेचा ठळक उल्लेख होता आणि तिचे शुल्क वेगळे घेतले गेले. प्रत्यक्षात एका गटाला मिळून एक लॉगिन मिळाले आणि तेही केवळ पाहण्यापुरते. त्यामुळे खरेदीचा सबंध व्यवहार आम्ही पडद्यावर पाहिला, पण एकही नोंद स्वतः केली नाही. शंभर नगांची पर्चेस ऑर्डर आहे, जीआरएनवर, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीवर, शहाण्णव नग जमा दाखवले आहेत आणि बिल मात्र शंभराचे आले आहे, अशा वेळी ते बिल पेमेंटसाठी कसे अडते, हे पाहायचे तर या तिन्ही नोंदी आपल्या हाताने कराव्या लागतात. विभागाकडे लेखी तक्रार केली, तेव्हा परवान्यांची संख्या मर्यादित असल्याचे उत्तर मिळाले. मग शुल्क प्रत्येकाकडून पूर्ण का घेतले जाते, या प्रश्नाला अजून उत्तर मिळालेले नाही. नोकरी सांभाळून, पगारातून हप्ते भरून शिकणाऱ्या माणसाला ही रक्कम लहान नसते.

पहिल्या सत्राच्या शेवटी माझे मत प्रतिकूलच होते. टीपीएस (रोजचे व्यवहार नोंदवणारी), एमआयएस (व्यवस्थापनाला अहवाल देणारी) आणि डीएसएस (निर्णयाला मदत करणारी) या प्रणालींचा तो त्रिकोण वेगवेगळ्या विषयांत पुन्हा पुन्हा काढून घेतला गेला आणि परीक्षेतही तोच विचारला गेला. माझे मत बदलले ते डेटाबेसच्या तासांमुळे. एडगर कॉड यांनी 1970 मध्ये मांडलेले रिलेशनल मॉडेल (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची पद्धत), प्रायमरी की (प्रत्येक नोंदीची एकमेव ओळख) आणि नॉर्मलायझेशन (तीच माहिती दोनदा राहू नये अशी तक्त्यांची मांडणी) एवढाच तो भाग होता आणि वेळापत्रकात त्याला फार थोडी जागा होती. मी भोसरीच्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. त्या तासांनंतर आमची व्हेंडर मास्टर, म्हणजे पुरवठादारांची मूळ यादी, उघडली, तेव्हा एकच पुरवठादार तीन नावांनी नोंदलेला आढळला : एकदा पूर्ण नावाने, एकदा ‘इंजि.’ असा संक्षेप करून आणि एकदा दोन शब्द जोडून. तिन्ही खात्यांवर वेगवेगळी बिले चढलेली होती. तेच बिल दोनदा चढले असते तरी सॉफ्टवेअरने अडवले नसते, कारण त्याच्या लेखी ते तीन वेगळे पुरवठादार होते.

मग पुरवठादाराची ओळख कशावरून ठरवायची? वर्गात याचे सोपे उत्तर जीएसटी क्रमांक असे दिले गेले. तो पंधरा अंकाक्षरांचा असतो : पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27, पुढची दहा अंकाक्षरे म्हणजे पॅन आणि शेवटचे चिन्ह पडताळणीचे. पण ज्याचा एक कारखाना चाकणला आणि दुसरा गुजरातमध्ये आहे, त्याचे पॅन एक आणि जीएसटी क्रमांक दोन असतात. मालकी हक्काचा व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड झाला, की माणूस तोच, गाळा तोच, पण दोन्ही क्रमांक बदलतात. उलाढाल मर्यादेच्या आत असलेल्या लहान जॉबवर्कवाल्याकडे तर जीएसटी क्रमांकच नसतो. म्हणून ओळखीसाठी आपला स्वतंत्र कोड द्यावा, पॅन वरच्या तक्त्यात ठेवावा, नोंदण्या त्याखालच्या तक्त्यात ठेवाव्यात आणि तेथे एकच जीएसटी क्रमांक दुसऱ्यांदा घेऊ नये, अशी रचना करावी लागते. चुकलेल्या क्रमांकाचा फटका कागदावर राहत नाही. पुरवठादाराने बिल आपल्याऐवजी दुसऱ्याच खरेदीदाराच्या क्रमांकावर दाखवले, तर ते आपल्या जीएसटीआर-2बी या खरेदीच्या कर-विवरणात येत नाही आणि इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकते. मी ही सगळी रचना माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल या मोफत डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये उभी केली. त्याला एक रुपयाही खर्च आला नाही, आणि दोन सत्रांत मी सर्वांत जास्त शिकलो ते याच कामातून.

त्यानंतर केस स्टडीकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. हर्शी या अमेरिकन चॉकलेट कंपनीची केस मला आधी कंटाळवाणी वाटली होती. सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलर खर्चून त्या कंपनीने नवी प्रणाली बसवली, चार वर्षांचे काम अडीच वर्षांत आटोपायचे ठरवले आणि 1999 च्या जुलैत, म्हणजे हॅलोविनच्या मागण्या सुरू होण्याच्या तोंडावर, ती चालू केली. माल तयार असूनही 10 कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या मागण्या वेळेवर पुरवता आल्या नाहीत. आमच्या वर्गात या केसचा निष्कर्ष ‘बदल व्यवस्थापनाचा अभाव’ एवढ्या शब्दांत लिहून घेतला गेला. त्याऐवजी कोणत्या गोदामात काय आहे हे प्रणालीला कसे कळते, हा प्रश्न धरून एक तास चर्चा झाली असती, तर ती केस कोणीही विसरले नसते.

वाणिज्य शाखेतून आलेल्या आणि लेखा, खरेदी किंवा भांडार विभागात काम करणाऱ्यांनी हे स्पेशलायझेशन जरूर घ्यावे, असे माझे आजचे मत आहे. बिलांचा व्यवहार ज्याने हाताळला आहे, त्याला तक्त्यांची रचना अभियंत्यांइतकीच, कधी त्यांच्याहून लवकर कळते. मात्र प्रवेशापूर्वी प्रयोगशाळेत जाऊन, विद्यार्थ्याच्या लॉगिनमधून एक पर्चेस ऑर्डर करून दाखवा, असे स्पष्ट सांगावे. प्लेसमेंटच्या आकड्यांपेक्षा मी याला अधिक महत्त्व देतो. पुढच्या सत्रात मी प्रणालींचे लेखापरीक्षण हा ऐच्छिक विषय घेतला आहे. 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी ऑडिट ट्रेल सक्तीची झाली आहे, आणि आमच्या व्हेंडर मास्टरमधली ती तीन नावे कोणी, केव्हा चढवली हे तिच्यातून कितपत शोधता येते, ते मला पाहायचे आहे.