मोहाच्या तेलाचा साबण, गड्ड्यातनं आणलेला

जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वरच्या गड्ड्याला, म्हणजे जत्रेला, होम मैदानावर गेलतो, तिथं एका आदिवासी ताईंचा हातानं बनवलेल्या साबणाचा छोटा स्टॉल होता, बायको थांबली म्हणून मी पण थांबलो. मोहाच्या बियांचं म्हणजे टोळंबीचं तेल न् खोबरेल, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी मोजून घालायचं, साच्यात ओतायचं, कापायचं आणि मग ४ ते ६ आठवडे नुसतं वाळत ठेवायचं. मी म्हटलं एवढे दिवस कशाला ओ ताई, तर म्हणल्या "दादा, घाई केली की वडी मऊ राहते, लवकर झिजते." ८० रुपयाला एक वडी, महाग वाटली खरं तर, भाव केला तर हसल्या फक्त, कमी काय केलं नाही.

आमच्याकडं बोरचं जड पाणी, त्यात फेस कमीच येतो आणि वास पण तेलकट, सेंटवाल्यांनी नादाला लागू नये. पण थंडीत पायावर पांढरं उठायचं ते बरंच कमी झालं. पहिली वडी ओल्या साबणदाणीत ठेवली न् चार दिवसात लगदा झाला, चूक माझीच. आता जाळीवर ठेवतो. कागदावर वजन न् तारीख मात्र टाकायला पाहिजे ताईंनी.