मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर की छोट्या प्रॉडक्ट कंपनीतली इंटर्नशिप?

दिवाळीच्या सुट्टीत मामेभाऊ दोन कागद घेऊन घरी आला. सांगलीला कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक कागद म्हणजे कॅम्पसमधून मिळालेलं मोठ्या सर्व्हिस कंपनीचं (दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरची कामं करणारी) ऑफर लेटर, पॅकेज वर्षाला ३.५ लाख. दुसरा म्हणजे पुण्यात बाणेरमधल्या पन्नासेक माणसांच्या प्रॉडक्ट कंपनीचा (स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणारी) मेल: जानेवारी ते जून इंटर्नशिप, महिना २५ हजार स्टायपेंड आणि काम पसंत पडलं तर ६ लाखांवर कायम. "ताई, कुठलं घेऊ?" मी दोन्ही प्रकारच्या कंपन्यांत काम केलंय, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोन्ही कागद ओळ न् ओळ वाचायला घेतले.

हातात किती येतात

३.५ लाखांचे महिन्याला २९ हजार होतात, पण ते खात्यात पडत नाहीत. या आकड्यात कंपनीचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि बहुतेक वेळा व्हेरिएबल पेही (कामगिरीनुसार कमी-जास्त होणारा भाग) धरलेला असतो. ग्रॅच्युइटी साधारणपणे पाच वर्षं टिकलं तरच मिळते. शिवाय आपला पीएफ कापला जातो, आणि महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. (२५ हजारांपर्यंत पगार असलेल्या मुलींना तो माफ आहे.) म्हणजे हातात २३-२४ हजार. हिंजवडीत कॉट बेसिसवर राहून, मेस लावून घरी थोडे पाठवता येतात, पण ओढाताण होते. ६ लाखांत फिक्स्ड भाग किती, हे आधी विचारून घ्यावं. बहुतेक भाग फिक्स्ड असेल तर ४० हजारांच्या पुढे हातात पडतात. सोबत ईसॉप (कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या किमतीत घ्यायचा हक्क) देऊ केले असतील तर हिशेबात त्यांची किंमत शून्य धरा.

पहिलं वर्ष कसं जातं

माझ्या मते निर्णय इथेच होतो. मोठ्या कंपनीत आधी काही महिने ट्रेनिंग. ज्यांना कोडिंग फारसं जमत नाही, किंवा जे मेकॅनिकल-सिव्हिलमधून येतात, त्यांना पगार घेऊन शिकायची अशी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते. मात्र पुढे कुठला प्रोजेक्ट मिळेल ते आपल्या हातात नसतं. कुणाला बँकेच्या मोठ्या सिस्टिमवर काम मिळतं, कुणाला रात्रपाळीचा सपोर्ट. मी चार महिने बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टविना बसून होते. रोज कार्ड पंच करायचं, कोर्स बघायचे, संध्याकाळी बसने परत. पगार चालू होता, पण कॉलेजात जे येत होतं तेही विसरायला लागले होते.

पुढे छोट्या कंपनीत गेले. तिथली पहिली पुल रिक्वेस्ट (आपला कोड इतरांनी तपासावा म्हणून पाठवणं) जेमतेम चाळीस ओळींची होती, तिच्यावर २७ कमेंट आल्या. 'या फंक्शनच्या नावावरून ते काय करतं ते कळत नाही.' 'इथे नल आला तर?' 'क्वेरी लूपच्या आत का आहे? हजार ऑर्डर असतील तर डेटाबेसला हजार वेळा विचारशील का?' त्या रात्री रडू आलं होतं. पण आजही लूप लिहिताना ती शेवटची कमेंट आठवते. आपला कोड मन लावून वाचणारं माणूस पहिल्या दोन वर्षांत भेटणं, हे पॅकेजमधल्या लाख-दोन लाखांपेक्षा मोलाचं आहे.

पण छोटी कंपनी म्हणजे असं माणूस मिळेलच, असं नाही. काही ठिकाणी 'प्रॉडक्ट' नावापुरतं असतं आणि तीन फ्रेशर मिळून गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवत बसतात. म्हणून होकार देण्याआधी सरळ विचारावं: माझा कोड कोण तपासेल, त्यांना किती वर्षांचा अनुभव आहे? ऑटोमेटेड टेस्ट, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, आहेत का? गेल्या वर्षीच्या इंटर्नपैकी किती जण कायम झाले? चांगली कंपनी या प्रश्नांनी चिडत नाही.

बारीक अक्षरातल्या अटी

मोठ्या कंपनीच्या पत्रात जॉइनिंगची तारीख बघा. बहुतेकदा 'नंतर कळवू' असं असतं. २०२२ च्या बॅचमधली काही मुलं पत्र हातात असून दोनेक वर्षं वाट बघत होती. नोटीस पीरियड (राजीनामा दिल्यावर काम करायची मुदत) अशा कंपन्यांत बहुधा ९० दिवसांचा, छोट्यांत पुष्कळदा ३० ते ६०. दोन वर्षांनी नोकरी बदलताना हा फरक जाणवतो.

बॉंड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडल्यास पैसे भरायची अट, असेल तर 'कोर्टात टिकत नाही' या मित्रांच्या सल्ल्यावर विसंबू नका. विजया बँकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बॉंड टिकेल असा याचा अर्थ नाही, पण सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचायलाच हवी. मूळ मार्कशीट कुणाकडे ठेवायला देऊ नका. आणि ट्रेनिंगचं डिपॉझिट मागणारी जागा सरळ सोडून द्या.

दोन्ही नाकारून ऑफ-कॅम्पस, म्हणजे कॉलेजबाहेर स्वतःच नोकरी शोधत राहायचं, हा तिसरा पर्याय. रोजचा सराव आणि रेफरल देणारी (आपल्या कंपनीत तुमचं नाव सुचवणारी) ओळखीची माणसं असतील तरच त्या वाटेला जावं.

कागद शेजारी-शेजारी ठेवल्यावर एक गोष्ट दिसली. इंटर्नशिप जूनमध्ये संपते आणि मोठ्या कंपनीचं जॉइनिंग जुलैच्या आधी होणार नव्हतं. म्हणजे दोन्हींत टक्कर नव्हतीच! आठव्या सेमिस्टरच्या इंटर्नशिपला कॉलेजची परवानगी आणि टीपीओ (कॉलेजचं प्लेसमेंट बघणाऱ्या) सरांच्या कानावर सगळं घालणं, एवढंच बाकी होतं. एकदा निवड झाली की दुसऱ्या कंपनीच्या मुलाखतींना बसू द्यायचं नाही, असा नियम बऱ्याच कॉलेजांत असतो, म्हणून हे लपवून करू नये. त्याच्या शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होणार आहेत, त्यामुळे तेवढी उसंत आहे. जुलैपासून घर त्याच्याच पगारावर चालणार असतं, तर मी मोठ्या कंपनीचंच पत्र त्याच्या हातात दिलं असतं.

रात्री साडेअकराला त्याने बाणेरच्या कंपनीला ते तीन प्रश्न मेल केले. तिसऱ्या दिवशी तिथल्या एका सीनियर इंजिनीअरचा फोन आला: गेल्या वर्षी चार इंटर्न होते, तिघे कायम झाले, आणि तुझा कोड मीच बघणार आहे. तो दोन जानेवारीला रुजू होतोय.