डीपीएफचा दिवा, तीन फोर्स्ड रिजन आणि एक थर्मोस्टॅट : १४ महिने, साडेतेरा हजार किमी

बीएस-६ डिझेल, दोन लिटर इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. पिकअप, सीट, सस्पेन्शन यांबद्दल भरपूर लिहून झालंय आणि त्यात गाडी चांगलीच आहे. इथे फक्त डीपीएफबद्दल, म्हणजे डिझेलच्या धुराच्या फिल्टरबद्दल लिहितो, कारण शोरूममध्ये त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागला की सगळा दोष चालवणाऱ्याच्या माथी मारतात.

वापर पुण्यातला. रोज वारजे ते हिंजवडी, येऊन-जाऊन तीसेक किमी, तेही बरंचसं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. महिन्यातून एकदा सातारा. पहिला दिवा ६,२०० किमीला, दुसरा ७,९०० ला, तिसरा ९,१०० ला. मधलं अंतर कमी होत गेलं, ही खूण तेव्हाच ओळखायला हवी होती.

डीपीएफ म्हणजे एक्झॉस्टमधली काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, मुख्य ज्वलनानंतर थोडं जादा डिझेल मारतं, जाळीचं तापमान साधारण ६०० अंशांपर्यंत नेतं आणि काजळी जाळून टाकतं. हेच रिजन (रिजनरेशन). याला सलग १५-२० मिनिटं लागतात. मध्येच इंजिन बंद केलं तर काजळी अर्धवट जळते. शिवाय त्या जादा डिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतो. असं वारंवार झालं की ऑइल पातळ होतं.

रिजन चालू असताना गाडी काहीच सांगत नाही, हा माझा सगळ्यात मोठा आक्षेप. डॅशबोर्डवर दार उघडं आहे याचं चित्र येतं, टायरची हवा दिसते, सर्व्हिसला किती दिवस उरले तेही दिसतं. पण ‘रिजन सुरू आहे, इंजिन बंद करू नका’ एवढी एक ओळ नाही. ईसीयूला ही माहिती त्या क्षणी असते, डॅशबोर्डचा क्लस्टर त्याच नेटवर्कवर आहे, काही गाड्यांत हा संदेश येतोही. एकही पार्ट न बदलता, फक्त सॉफ्टवेअरने होणारं काम आहे. ते न करता प्रत्येक अर्धवट रिजनची किंमत ग्राहकाकडून वसूल करायची, हे मला अजिबात मान्य नाही.

तोवर खुणा आपणच पाहायच्या. आयडल, म्हणजे उभ्या गाडीचा आरपीएम, ८०० वरून १,००० च्या आसपास जातो. ऑटो स्टार्ट-स्टॉप सिग्नलला काम करत नाही. एसी बंद असूनही रेडिएटरचा पंखा जोरात फिरतो. तात्काळ मायलेजचा आकडा एकदम पडतो आणि खाली उतरल्यावर गरम लोखंडाचा वास येतो. यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर घराच्या दारात आला असाल तरी गाडी बंद करू नका, एक चक्कर मारून या. आणि त्या वेळी वाळलेल्या गवतावर कधीच उभी करू नका.

सर्व्हिस सेंटरचं तिन्ही वेळा एकच उत्तर : “सर, सिटी ड्रायव्हिंग जास्त आहे.” मग स्कॅनर लावून फोर्स्ड रिजन, म्हणजे गाडी जागेवर उभी आणि आरपीएम चढवून अर्धा तास. पहिल्या दोन वेळचे २,१०० प्रत्येकी, कारण ‘वापराच्या पद्धतीमुळे’ वॉरंटी लागू नाही.

आठ हजार किमीपर्यंत मला हे पटलं होतं. शहरातल्या छोट्या फेऱ्या डीपीएफला मारक असतात हे खरंच आहे. पण ते मत बदलावं लागलं. नवीन कात्रज बोगद्यापलीकडे सातारा रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये, २,००० आरपीएमच्या वर, ६०-८० च्या वेगाने पाऊण तास चालवूनही दिवा विझला नाही. म्हणजे रिजन अर्धवट राहत होतं असं नाही, ते सुरूच होत नव्हतं.

कारण सापडलं हजारेक रुपयांच्या ओबीडी डोंगलमध्ये, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे आकडे मोबाइलवर दाखवणाऱ्या यंत्रात. मोबाइलवर कूलंटचं तापमान लावून ठेवलं. ट्रॅफिकमध्ये ८०, आणि मोकळ्या रस्त्यावर वेग धरला की ६५-६८. चांगल्या अवस्थेतल्या इंजिनात ते ८५-९० च्या आसपास स्थिर राहतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, अर्धवट उघडा अडकला होता. इंजिन पुरेसं तापत नाही तोवर ईसीयू रिजनला परवानगीच देत नाही. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा नाही, फक्त थंड इंजिनाचा निळा दिवा, आणि तो खूप आधीच विझतो. यासाठी पी०१२८ हा बिघाडाचा कोड यायला हवा होता, तोही आला नाही. स्कॅनरवर फक्त काजळीचा पी२४६३ दिसला आणि तेवढाच पुसून गाडी परत दिली. लाइव्ह डेटा, म्हणजे चालू इंजिनचे आकडे, कुणी उघडलाच नाही.

डोंगल नसेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, पंख्यापासून लांब राहून. बहुतेक इंजिनांत तो बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम गरम होतो. पहिल्या दोन-चार मिनिटांतच हळूहळू कोमट होऊ लागला तर थर्मोस्टॅट उघडा आहे.

डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी बघा. तिसऱ्या दिव्याच्या वेळी इथे ऑइल मॅक्सच्या खुणेवर बोटभर चढलं होतं. ऑइल कमी व्हायला हवं, वाढलं म्हणजे आत डिझेल आहे. टिश्यूवर थेंब टाकला तर मधला काळा ठिपका लहान आणि भोवती फिकट तेलकट कडं भराभर पसरलं, वासही डिझेलचा. असं ऑइल ठेवून गाडी पळवू नका, टर्बोचं बेअरिंग आधी जातं. बदलताना मॅन्युअलमध्ये दिलेलंच लो-सॅप्स, म्हणजे कमी राख होणारं ऑइल घ्या. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि राख कुठल्याही रिजनने जळत नाही. डीपीएफ काढून टाकून देतो म्हणणारे गॅरेजवाले भेटतील. ते बेकायदा आहे, आणि वॉरंटीही जाते.

थर्मोस्टॅट १०,००० किमीला वॉरंटीत बदलला, कूलंटसकट, एका दिवसात. त्यानंतर ३,५०० किमी झाले. रिजन साधारण ३५०-४०० किमीला एकदा, दिवा एकदाही नाही. वापर तोच, रस्ता तोच. म्हणून आधी जे ‘डीपीएफ कुचकामी’ म्हणत होतो ते मागे घेतो. फिल्टर ठीक आहे, तपासणी कुचकामी होती.

जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. नुसतं ‘डीपीएफ लाइट’ नको. ‘कूलंट ८० च्या वेगात ६५ अंश, थर्मोस्टॅट तपासावा, लाइव्ह डेटाची प्रिंट द्यावी’ असं. तिसऱ्या वेळी हे लिहिल्यावरच बॉनेट उघडून नीट पाहिलं गेलं. पैसे परत मागायचे तर आधी कंपनीला ईमेल, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, आणि तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षांची, आणि वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

चुकीच्या निदानाचे ४,२०० रुपये मागितले आहेत. पहिल्या ईमेलला उत्तर आलं ते पुढच्या सर्व्हिसवर लेबरमध्ये १० टक्के सूट. ती नाकारली आहे. त्याच ईमेलमध्ये रिजनच्या संदेशाचीही मागणी केली होती, त्यावर एक अक्षरही नाही.