तुंबलेला बाथटब: तार, पंप, पावडर की प्लंबर?

उपाय निवडण्याआधी एक गोष्ट तपासा. पाणी फक्त टबातच साचतंय, की बेसिनचा नळ सोडल्यावर न्हाणीच्या जाळीतूनही वर येतंय? फक्त टबातच साचत असेल तर गुंता बहुधा डाटेखाली वीतभर अंतरावर असतो आणि काम घरच्या घरी होतं. दोन्हीकडे पाणी वर येत असेल तर अडथळा पुढच्या पाइपात, चेंबरमध्ये किंवा शोषखड्ड्यात आहे. गोव्यात मलनिस्सारण वाहिनी न पोचलेली घरं अजून पुष्कळ आहेत. तिथे भर पावसात जमिनीतलं पाणी वर चढलं की शोषखड्डा पाणी ओढेनासा होतो. अशा वेळी टबात काहीही ओतलं तरी उपयोग नाही.

आता टबापुरतं बोलू. आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल असतंच. ते, साबणाचा साका आणि लांब केस एकत्र आले की त्यांचा ओल्या वेणीसारखा पीळ डाटेखालच्या आडव्या पट्टीला अडकतो. तो ओढून बाहेर काढणं, हाच माझ्या मते पहिला उपाय. डाट बहुधा फिरवून निघते. काहींना वरच्या टोपीखाली छोटा स्क्रू असतो. मग दातेरी प्लास्टिकची पट्टी (हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते) खाली सरकवायची, गोल फिरवायची आणि सावकाश वर घ्यायची. पट्टी नसेल तर टोक वाकवलेली तार चालते, फक्त टबाला ओरखडा पडू देऊ नका. जे बाहेर येतं त्याला वास भयंकर असतो, म्हणून हातमोजे घाला आणि शेजारी जुनं वर्तमानपत्र ठेवा.

पट्टीने भागलं नाही तर रबरी पंप. टबाच्या बाबतीत इथेच बहुतेकांचं फसतं, कारण वरच्या बाजूला जादा पाणी जाण्यासाठी एक भोक असतं. ते ओल्या फडक्याने घट्ट दाबून धरलं नाही तर सगळा दाब तिथूनच निघून जातो. पंपाचं रबर बुडेल इतकं पाणी टबात ठेवा आणि एकाच लयीत जोर लावा. सैल साका आणि साबणाचे गोळे पंपाने सुटतात. केसांचा पक्का पीळ मात्र पुष्कळदा थोडा हलून पुन्हा तिथेच बसतो, म्हणून पंप दुसऱ्या नंबरावर.

पावडर सगळ्यांत सोपी वाटते, आणि माझा सगळ्यांत जास्त विरोध तिलाच आहे. बाजारातल्या बऱ्याच पावडरींत कॉस्टिक सोडा असतो. तो तेल आणि केस विरघळवतो, हे खरं. पण पाण्यात पडताच तो तापतो, कातडी आणि डोळे भाजतो. सेप्टिक टाकी असलेल्या घरात तो वारंवार ओतला तर टाकीत मैला कुजवणाऱ्या जिवाणूंनाही मारक ठरतो. तुंबलेल्या टबात तो खाली न उतरता पाण्यातच पसरून राहतो. पावडर टाकल्यावर पंप मारू नका, उडालेला एक थेंब डोळ्यात गेला तरी इजा होते. संडास साफ करायचं ॲसिड तर तिच्यासोबत कधीही नको. प्लंबरला बोलावलंत तर आत काय टाकलंय ते त्याने हात घालण्याआधीच सांगा.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर फेसाळतात खरे, पण एकमेकांना मारून शेवटी बहुतांश खारट पाणीच उरतं. केसांवर त्याचा काही परिणाम होत नाही. गुंता काढल्यानंतर कडकडीत नव्हे, सोसवेल इतकं गरम पाणी सोडणं जास्त उपयोगी, कारण चिकटलेलं तेल त्याने वाहून जातं. उकळतं पाणी पीव्हीसी पाइप आणि ॲक्रिलिकचा टब, दोघांनाही सोसत नाही.

प्लंबर कधी? पट्टी आणि पंप दोन्ही झाले तरी पाणी हलत नसेल, टब सोडल्यावर न्हाणीची जाळी गुडगुडत असेल, किंवा खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली असेल तर लगेच. त्याच्याकडची लांब स्प्रिंग नहाणी ट्रॅपच्या (न्हाणीच्या जाळीखालचा, पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) पलीकडे पोचते, आपली पट्टी पोचत नाही. आणि चवथ (गणेशचतुर्थी) तोंडावर असेल तर वाट बघू नका: त्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरतं आणि प्लंबर आपापल्या गावी गेलेले असतात.