गर्लट्रेकची अर्ध्या तासाची चाल: फुकट आहे, पण पुरते का?

गर्लट्रेक ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी उभी केलेली चालण्याची चळवळ. टी. मॉर्गन डिक्सन आणि व्हनेसा गॅरिसन या दोन मैत्रिणींनी २०१० मध्ये ओळखीच्या बायकांना चालायला लावण्यापासून सुरुवात केली आणि २०२० पर्यंत सभासदांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, रोज अर्धा तास चालण्याचा शब्द द्यायचा, दाराबाहेर पडायचे. शुल्क नाही, उपकरण नाही. मग यात सेवा म्हणावी असे आहे तरी काय? तर आपल्याच वस्तीतल्या बायकांची टोळी, तिच्यासोबत येणारे निमित्त आणि उद्या पुन्हा यायला लावणारा धाक. चालता सगळ्यांनाच येते, सातत्य एकटीने टिकत नाही, आणि ही सेवा नेमके तेवढेच पुरवते.

चालण्याची निवड उगाच झालेली नाही. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरी शहरातल्या कृष्णवर्णीयांनी वर्णभेद पाळणाऱ्या शहरबसवर बहिष्कार टाकला, तेव्हा घरकामाला जाणाऱ्या कित्येक बायकांनी मैलोगणती पायपीट केली. बहिष्काराची पत्रके तिथल्या कॉलेजात शिकवणाऱ्या जो ॲन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत छापून काढली. लोकांची ने-आण करणाऱ्या मोटारींचा खर्च भागावा म्हणून जॉर्जिया गिलमोर आणि त्यांच्या सोबतिणींनी जेवण, केक आणि ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ विकून पैसा उभा केला. गर्लट्रेक स्वतःला याच परंपरेत धरते. २०१८ मध्ये संस्थापक गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमनच्या वाटेने १०० मैल चालल्या. बाहेरच्याला ही सजावट वाटेल, पण तिचा उपयोग अगदी व्यावहारिक आहे. ‘वजन उतरवायला या’ म्हटले की लाज आडवी येते, ‘आपल्या आज्या चालल्या, आपणही चालू’ म्हटले की ती येत नाही.

प्रत्यक्षात पहिली अडचण येते केसांची, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०३ आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांपैकी सुमारे ४० टक्के जणींनी केसांपायी कधी ना कधी व्यायाम टाळल्याचे सांगितले. त्याच्या आदल्याच वर्षी तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य-प्रवक्त्या, रेजिना बेंजामिन अटलांटातल्या केशसज्जेच्या मोठ्या प्रदर्शनात जाऊन हाच विषय बोलल्या होत्या. सलूनमध्ये बराच वेळ आणि पैसा घालून सरळ केलेले केस घामाने मुळाशी पुन्हा कुरळे होतात. धावण्याच्या किंवा नाचाच्या वर्गापेक्षा चालताना घाम कमी येतो, हा चालण्याचा इथला मोठा फायदा. तरी कपाळ आणि मानेकडच्या कडा भिजतातच. त्यांवर साटनचा पट्टा बांधून चालावे आणि घरी आल्यावर तो लगेच सोडू नये. मुळे पूर्ण वाळेपर्यंत, साधारण पंधरावीस मिनिटे, तसाच ठेवावा. ओल्यावर सोडला की केस फुगलेच. वेण्या असतील तर टाळूवर घामाचे मीठ साचून खाज सुटते. त्यासाठी दर वेळी शाम्पूची गरज नाही, नुसत्या पाण्याने टाळू धुऊन नीट कोरडी केली की भागते. घट्ट ओढून बांधलेली पोनीटेल मात्र टाळावी. रोजच्या ताणाने कपाळावरची केसांची रेषा मागे सरते आणि हे वर्षानुवर्षे चालले तर ते केस परत येत नाहीत.

आता अर्ध्या तासाचा हिशोब. अमेरिकेची सरकारी शिफारस प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम जोराच्या हालचालीची आहे. अर्धा तास, पाच दिवस म्हणजे बरोबर तेवढे. पण ‘मध्यम जोर’ हे शब्द फार जणी सोडून देतात. मिनिटाला साधारण १०० पावले ही त्याची ढोबळ खूण. दहा सेकंदांत पडलेली पावले मोजून सहाने गुणावीत. त्याहून सोपी कसोटी म्हणजे चालताना बोलता यावे, गाता येऊ नये. टोळीत गप्पांना रंग चढला की चाल हमखास ८०-९० पावलांवर येते. मन मोकळे होते हे खरे, पण हृदयाला मेहनत पडत नाही. मधली दहा मिनिटे झपझप चालायची आणि गप्पा शेवटच्या दहांत मारायच्या, असे ठरवून घेतलेले बरे.

वजनाबद्दल खोटी आशा नको. साधारण ८० किलो वजनाची बाई ताशी ३ मैल वेगाने अर्धा तास चालली तर सुमारे १४० कॅलरी खर्च होतात, म्हणजे १२ औंसाच्या एका गोड सोड्याच्या डब्याएवढ्या. चालून येऊन तो डबा फोडला की हिशोब फिटला. रक्तदाबावर मात्र परिणाम दिसतो. उच्च रक्तदाब असलेल्यांनी असा व्यायाम नियमित केला तर वरचा आकडा सरासरी ५ ते ८ मिमीने उतरतो. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे, हे ध्यानात घेतले तर वजनकाट्यापेक्षा हाच आकडा धरून ठेवावा.

टोळी चालवण्याचे तंत्र ज्यांनी पकडले त्यांच्याच टोळ्या टिकतात. सर्वात मोठी चूक म्हणजे सगळ्यांना एकाच वेगाने नेणे. पुढच्या कंटाळतात, मागच्या ओशाळतात आणि दोन आठवड्यांत मागच्या यायच्या बंद होतात. याला साधा उपाय आहे. अंतर ठरवायचे नाही, वेळ ठरवायची. पंधरा मिनिटे प्रत्येकीने आपापल्या वेगाने पुढे जायचे, पंधराव्या मिनिटाला शिट्टी वाजली किंवा फोनचा गजर झाला की जी जिथे असेल तिथून वळायचे. जी जलद ती लांब जाऊन येते, जी हळू ती जवळून वळते आणि निघालेल्या जागी सगळ्या जवळपास एकदमच पोहोचतात. कोणाला कोणासाठी थांबावे लागत नाही. म्होरक्या दोघी हव्यात, एक पुढे आणि एक अगदी शेवटी. एकच असेल तर तिचे मूल आजारी पडले की त्या दिवशीची चाल बुडते, आणि लागोपाठ दोनदा बुडाली की टोळी मोडते.

जागेचा प्रश्न वस्तीगणिक वेगळा. बऱ्याच भागांत पदपथच नाहीत. तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे अमेरिकेत रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकीमागे एक चालावे. शाळेचे मैदान, चर्चचे वाहनतळ किंवा मॉल यांपैकी काही जवळ असेल तर ते केव्हाही बरे. हिवाळ्यात लवकर अंधारते, तेव्हा प्रकाश परतवणारी जाकिटे घालावीत. काळे कोट घातलेली दहा माणसेही मोटार चालवणाऱ्याला दिसत नाहीत.

बुटांवर खर्च करावा लागतो, हे ‘फुकट’ म्हणताना कोणी सांगत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय सुजतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. चांगला बूट ३०० ते ५०० मैल टिकतो. आठवड्याला साडेसात मैल धरले तर तो नऊ-दहा महिन्यांपासून सव्वा वर्षापर्यंत जाईल. वरून नवा दिसला तरी तळ दबलेला असतो. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टाकताना टाच दुखली तर तळपायाच्या पट्ट्याला सूज आहे असे समजावे. चपट्या चपलांतून एकदम रोज अर्ध्या तासावर उडी मारणाऱ्यांना हे बऱ्याचदा होते. म्हणून पहिले दोन आठवडे दहा-पंधरा मिनिटेच चालावे, आणि भिंतीला हात टेकून, मागची टाच जमिनीवर ठेवून पोटरीला प्रत्येकी ३० सेकंद ताण द्यावा. मांड्या घासून सोलवटतात हीही तक्रार सर्रास असते. सैल सुती पॅंटऐवजी गुडघ्यापर्यंतची तंग चड्डी किंवा पेट्रोलियम जेली लावली की ती मिटते.

औषधे घेणाऱ्यांबाबत टोळीने थोडे शहाणे असायला हवे. बीटा ब्लॉकर ही हृदयाची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर नाडी मुद्दाम मंद ठेवलेली असते, त्यामुळे घड्याळातल्या ठोक्यांवरून जोर मोजणे व्यर्थ. तिथे बोलण्या-गाण्याची कसोटीच कामाची. लघवी वाढवणारी गोळी घेणारीला उन्हात भोवळ येऊ शकते. इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातली मधुमेहाची गोळी घेणारीने, साखर एकदम उतरली तर म्हणून, खिशात १५ ग्रॅम साखर होईल एवढ्या ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्यात, आणि मधुमेह असेल तर घरी आल्यावर तळपाय बघावेत. संवेदना कमी झालेल्या पायाला फोड आलेला कळत नाही.

एकटीने चालणारीसाठी ‘ब्लॅक हिस्टरी बूटकॅम्प’ ही श्राव्य मालिका आहे. २०२० च्या जूनमध्ये ती २१ दिवसांच्या स्वरूपात सुरू झाली. चालताना कानात दोघी संस्थापकांच्या गप्पा, विषय कृष्णवर्णीय इतिहासातली माणसे आणि घटना. ऐकायला रसाळ, आणि गोष्ट अर्धवट सोडवत नाही म्हणून पावलेही थांबत नाहीत. मात्र भाग अर्ध्या तासातच संपेल असे धरून चालू नये, आणि रहदारीच्या रस्त्यावर एक कान मोकळा ठेवावा.

आता उणिवा. पहिली म्हणजे स्नायूंची ताकद. तीच सरकारी शिफारस आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना जोर देणारा व्यायामही सांगते, आणि चालणे ती जागा भरत नाही. चाळिशीनंतर स्नायू झडू लागतात आणि पाळी गेल्यावर हाडेही वेगाने विरळ होतात. कार्यक्रमाचा गाभा चालणे आहे, तेव्हा ही भर टोळीनेच घालावी. वळायच्या जागी बाकावरून दहा वेळा हात न टेकता उठ-बस, कठड्याला हात लावून दहा जोर, पायरीवर दहा वेळा टाचा उचलणे. दोन फेऱ्यांना सहा-सात मिनिटे लागतात. बाकावरून उठताना गुडघे आत वळत असतील तर पाय थोडे फाकवावेत आणि उंच बाक घ्यावा.

दुसरी उणीव मोजमापाची. किती जणी चालल्या हे कळते, त्यांचा दाब उतरला का हे टोळीलाच बघावे लागते. रक्तदाब मोजणारे एक दंडावरचे यंत्र वर्गणीतून घेतले की काम होते, पण पट्ट्याचे माप बघूनच. २०२३ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अभ्यासात दिसले की ज्यांना अतिमोठा पट्टा हवा त्यांना नेहमीच्या मापाचा लावला तर वरचा आकडा सरासरी जवळपास २० मिमीने जास्त येतो. एवढ्या फरकाने निरोगी बाई घाबरून घरी जाते. म्हणून दंडाचा घेर टेपने मोजावा आणि त्या मापाचा पट्टा घ्यावा. चालण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे आणि मगच मोजावे. चालून आल्या आल्या मोजलेला आकडा वहीत लिहू नये.

तिसरी बाजू स्वयंपाकघराची. ती भरून काढायला ओल्डवेज या संस्थेचा ‘अ टेस्ट ऑफ आफ्रिकन हेरिटेज’ हा सहा आठवड्यांचा पाककलावर्ग चांगला जोड आहे. मसाले, पालेभाज्या, अख्खी धान्ये, कडधान्ये, कंदमुळे असा तो जातो, आणि आफ्रिकी वारशाचे अन्न मुळातच सकस होते हे धरून शिकवतो. ज्वारी, बाजरी, नाचणी, चवळी या सगळ्यांचे मूळ आफ्रिकेतच, त्यामुळे मराठी वाचकाला ही यादी परकी वाटू नये. कोलार्ड या कोबीच्या कुळातल्या पालेभाजीला डुकराच्या खारवलेल्या हाडासोबत तासन्‌तास शिजवायची अमेरिकेच्या दक्षिणेकडची सवय हा खरा अडथळा. हाडाऐवजी धुरावलेली टर्की घातली की चरबी कमी होते, मीठ तसेच राहते, आणि इथेच पुष्कळ जणी फसतात. देठ काढून पाने गुंडाळायची, बारीक चिरायची, चमचाभर तेलात कांदा-लसणावर सात-आठ मिनिटे परतायची आणि वरून लिंबू किंवा व्हिनेगर घालायचे. आंबटपणामुळे मीठ कमी असल्याचे जाणवत नाही. डब्यातली चवळी निथळून धुतली की सोडियम सुमारे ४० टक्के घटते. चहाच्या एका सपाट चमचाभर मिठात जवळपास २३०० मिलीग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसाची पूर्ण मर्यादा. वेष्टनावर ‘रिड्यूस्ड सोडियम’ असेल तर ते मूळ मालापेक्षा किमान २५ टक्के कमी, ‘लो सोडियम’ असेल तर एका वाढणीला १४० मिलीग्रॅम किंवा त्याहून कमी. खरेदी करताना ‘लो सोडियम’च बघावे.

वर्गात नाव घालण्याआधी दोन गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. वॉरफॅरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेत असाल तर पालेभाज्या बंद करायच्या नसतात, पण रोजचे प्रमाण सारखे ठेवावे लागते, कारण त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे औषधाचा परिणाम हलतो. आणि मूत्रपिंड अधू असेल किंवा रक्तदाबासाठी लिसिनोप्रिलसारखी गोळी चालू असेल तर मिठाऐवजी मिळणारा पोटॅशियमचा क्षार परस्पर वापरू नये, रक्तातले पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते.