दोन शिक्षक, चार इयत्ता: आमच्या गावच्या प्राथमिक शाळेचे परीक्षण

गगनबावडा तालुक्यातील आमच्या गावच्या जिल्हा परिषद प्राथमिक शाळेत माझी मुलगी तिसरीत शिकते. तिला पहिलीत घातले तेव्हा शेजारच्या तीन घरांतील मुले पिवळ्या गाडीतून खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली होती, आणि तुम्ही मुलीचे नुकसान करता आहात, असे आम्हाला तोंडावर सांगणारे नातेवाईकही होते. शाळा व्यवस्थापन समितीत असल्यामुळे मला वर्गात बसून शिकवणे पाहता आले, त्यावरून हे लिहीत आहे. शाळेचे नाव देत नाही, कारण ज्या उणिवा सांगायच्या आहेत त्या तेथील दोन शिक्षकांच्या नाहीत.

सर्वांत आधी वाचनाविषयी, कारण या शाळेचे खरे बळ तेथे आहे. पहिली-दुसरीच्या बाई मुळाक्षरे क्रमाने घोकून घेत नाहीत. चार-पाच अक्षरांचा गट घेऊन त्यांतून लगेच शब्द तयार करवतात, त्यामुळे मूल दिवाळीच्या आत छोटी वाक्ये स्वतः जुळवू लागते. राष्ट्रीय पातळीवर ग्रामीण मुलांना वाचन आणि गणित किती येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत मुलांना अक्षर, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात. त्याच धर्तीवर मी तिसरीच्या नऊ मुलांना अनोळखी गोष्ट वाचायला दिली. सात जणांनी ती सलग वाचली, एक जण जोडाक्षरांवर अडखळला, आणि एक मुलगी शब्दांच्या पुढे गेली नाही. ती पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की वाडीवरून शाळेत येऊच शकत नाही. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे असे उद्दिष्ट 2021 मध्ये ठेवले. आमची शाळा त्याच्या बरीच जवळ पोहोचली आहे, असे मी मनापासून म्हणेन.

गणितात मात्र चित्र वेगळे आहे. त्याच मुलांना 42 मधून 17 वजा करायला सांगितले, तर चौघांनी उत्तर 35 लिहिले. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यांनी सातातून दोन वजा केले होते. पाढे त्यांना वीसपर्यंत तोंडपाठ आहेत, परंतु दशक सुटा करून हातचा घेणे म्हणजे काय, हे हाताला कधी जाणवलेलेच नाही. समितीच्या बैठकीत मी हे मांडल्यावर गुरुजींनी राग न मानता दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधून आणले, आणि पंधरा दिवसांनी चौघांपैकी तिघांची वजाबाकी बरोबर येऊ लागली. मग हे आधीच का झाले नाही, या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात आहे.

शाळेचा पट 38 आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक लागतात, ते आहेत. म्हणजे कागदावर एका शिक्षकामागे एकोणीस मुले, आणि कोणतीही महागडी शाळा हेवा करील असे हे प्रमाण दिसते. प्रत्यक्षात इयत्ता चार आहेत. गुरुजी चौथीला भागाकार शिकवतात तेव्हा तिसरी पाटीवर गिरवत बसते, आणि बाई प्रशिक्षणाला किंवा केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) बैठकीला गेल्या की चारही इयत्ता एका खोलीत येतात. सप्टेंबरमध्ये असे पाच दिवस आले. त्यात ऑनलाइन माहिती भरण्याचे काम भर तासात येते. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे याच कायद्याचे 27 वे कलम सांगते. तरीही ‘आजच माहिती द्या’ असा निरोप आला की फळ्यावरचा खडू खाली ठेवावाच लागतो. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. आज आमच्या गावात मूल वेळेवर शाळेत पोहोचते; त्याच्यासमोर पूर्ण वेळ शिक्षक असण्याची सक्ती कोणावर आहे, हे मला वरिष्ठ कार्यालयात दोनदा विचारूनही कळले नाही.

इतर सोयी ठीक आहेत. पोषण आहाराची खिचडी आणि उसळ ताजी असते, मुली-मुलांची स्वच्छतागृहे वेगळी आहेत. एका खोलीचे छप्पर जुलैत गळते, आणि आमच्याकडचा पाऊस पाहता ही लहान गोष्ट नव्हे.

ज्यांच्या घरी संध्याकाळी अर्धा तास मुलाजवळ बसून हिशेब घेणारे कोणी आहे, त्यांनी या शाळेत नि:शंकपणे प्रवेश घ्यावा. ज्यांच्याकडे तसे कोणी नाही, त्यांच्या मुलाचे वाचन येथे नक्की पक्के होईल. गणितासाठी मात्र त्यांनी दर महिन्याला शाळेत जाऊन वही पाहावी. प्रवेशापूर्वी एखाद्या शनिवारी सकाळी जाऊन तिसरीच्या मुलांकडून धडा वाचून घ्यावा, शिक्षक हरकत घेत नाहीत. आमची मुलगी चौथीपर्यंत येथेच राहील. पाचवीसाठी तिला केंद्रशाळेत जावे लागेल; तेथे प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक आहे का, ते मी येत्या जूनच्या आधी पाहून येणार आहे.