मागचा कॅनव्हास जुना, पुढचे चित्र नवे

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि जुन्या चित्रांची हौस असलेल्या मराठी मंडळींनी वेळीच सावध व्हावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. दक्षिण इंग्लंडमधील एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून आम्ही १८०० पौंडांना एक स्त्रीचित्र घेतले. दिवाणखान्यातील शेकोटीपाशी उभी असलेली, जांभळ्या रेशमी पोशाखातील एक डौलदार स्त्री, तिच्यामागे जपानी पडदा आणि वर आरसा. जेम्स तिसो या फ्रेंच चित्रकाराने १८७१ ते १८८२ या काळात लंडनमध्ये राहून जशी चित्रे रंगवली, त्याच धाटणीचे. चित्र तिसोचे असल्याचा दावा दुकानदाराने केला नाही. १८७५च्या सुमाराचे, अनाम चित्रकाराचे तैलचित्र आहे, एवढेच तो ठामपणे सांगत राहिला. यातच त्याची खरी चलाखी होती, कारण मोठ्या नावाची शहानिशा गिऱ्हाईक हमखास करून घेते, अनाम चित्राच्या मागे कोणी लागत नाही.

पुरावा म्हणून त्याने चित्र उलटे करून दाखवले. काळवंडलेला कॅनव्हास, कोपऱ्यांत पाचरी मारलेली लाकडी चौकट आणि विन्सर अँड न्यूटन या रंगविक्रेत्यांचा, लंडनच्या रॅथबोन प्लेसचा पत्ता असलेला शिक्का. हे सगळे अस्सल होते. कडांवर मात्र सर्वत्र तपकिरी कागदी पट्टी चिकटवलेली होती.

पुढे फ्रेम दुरुस्त करताना चित्रसंवर्धन करणाऱ्या बाईंनी ती पट्टी सोडवली आणि आत कापडाचे दोन थर निघाले. दोन थर असणे हा काही गुन्हा नव्हे. जीर्ण चित्राला आधार म्हणून नवे कापड लावण्याची पद्धत जुनीच आहे. पण तो आधार मागून लावतात. येथे नवे, पांढरेशुभ्र कापड पुढे होते आणि जुने मागे. नव्या कापडावर चित्र यंत्राने छापून, त्यावर पारदर्शक जेलचे ब्रशने फटकारे मारले होते आणि वरून पिवळसर व्हार्निश दिले होते. भिंगातून पाहिल्यावर गालावर छपाईचे बारीक रंगीत ठिपके स्पष्ट दिसले. त्याहून बोलका पुरावा म्हणजे जेलचे उंचवटे गालावरून निघून ओठांची कड न जुमानता थेट हनुवटीपर्यंत गेले होते. ओठ रंगवणारा कोणताही चित्रकार ब्रश असा फिरवणार नाही. तडे होते ते फक्त व्हार्निशला, खालचा रंग अखंड होता.

पावतीवर दुकानदाराने 'फ्रेमसह शोभेचे चित्र' एवढेच लिहिले होते, त्यामुळे विचारणा होताच त्याने कानांवर हात ठेवले. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार वर्णनाशी न जुळणारी वस्तू ३० दिवसांच्या आत परत करून पूर्ण रक्कम मागता येते. मात्र वर्णन तोंडी असेल तर ते सिद्ध करणे कठीण जाते. म्हणून चित्राचा अंदाजे काळ, माध्यम आणि ते हाताने रंगवलेले असल्याचे विधान पावतीवर लिहून घ्यावे, आणि पैसे देण्यापूर्वीच कडेची पट्टी सोडवून दाखवण्यास सांगावे. विक्रेता त्याला तयार नसेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

आमची तक्रार अद्याप प्रलंबित आहे. अशीच पट्टी लावलेले चित्र कोणी घेतले असल्यास पावती, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार आणि चित्राच्या मागील बाजूची छायाचित्रे जपून ठेवावीत.